तिच्या चेहऱ्याकडे बघू नका

'ताई, वय ५३, राहणार मिरज, नोकरी बँकेत. गेली दोन वर्षं रोज रात्री जेवण झालं की मी हेडफोन लावून दीड-दोन तास बसतो आणि यूट्यूबवर परदेशातली तरुण मुलं-मुली "स्टार ट्रेक" ही जुनी अमेरिकी अंतराळमालिका पहिल्यांदा बघत असतात, ते बघतो. म्हणजे मालिका कमी, त्यांचे चेहरेच जास्त. मी सहावी-सातवीत असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. आमची मराठी शाळा, इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे मला एक अक्षर कळत नसे. बाबा रेल्वेत होते, त्यांना इंग्रजी यायचं. ते मधेमधे अर्थ सांगायचे. खाणीतल्या त्या दगडी प्राण्याचा भाग होता, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आई आहे रे ती. तिची अंडी फोडली ह्यांनी." बाबांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

बायकोला माझं हे अजिबात पसंत नाही. ती म्हणते, "घरात माणसं असताना परक्यांबरोबर हसता नि रडता." गेल्या दिवाळीत तिलाही एक भाग दाखवायला बसवलं, पण वीस मिनिटांत ती उठून गेली. मी दोन चॅनलांची मेंबरशिप घेतलीय, महिन्याला नऊशे रुपये जातात. ते तिला माहीत नाही. त्यातल्या एका मुलीच्या व्हिडिओखाली मी "पुढच्या भागाला रुमाल जवळ ठेव" असं लिहिलं, तर लोक माझ्यावर तुटून पडले. आणखी एक जण तो दगडी प्राणी बघून पोट धरून हसला, ते मला इतकं लागलं की दोन दिवस घास गोड लागला नाही. हे लोक खरंच पहिल्यांदा बघतात की नाटक करतात? आणि या वयात मला हे काय लागलंय? – एक वाचक, मिरज.'

दादा,

तुम्ही चार-पाच प्रश्न विचारलेत, त्या सगळ्यांची उत्तरं देते. पण पत्र वाचताना मी थांबले ती एका वेगळ्याच वाक्यापाशी. 'मला एक अक्षर कळत नसे.'

बारा वर्षांचा मुलगा, समोर न कळणारी भाषा, आणि तरी दर रविवारी तो टीव्हीसमोरून हलत नाही. मग तो बघत काय होता? मला वाटतं, अर्धा वेळ तो पडद्याकडे बघत होता आणि अर्धा वेळ बाबांकडे. बाबा पुढे सरकून बसले की आता काहीतरी होणार. बाबा हसले की आपणही हसायचं. त्यांच्या कपाळाला आठी पडली की कुणाच्या तरी जिवावर बेतलंय. गोष्ट तुम्हाला बाबांच्या चेहऱ्यावरून कळत होती, आणि मधेच एखादं वाक्य मराठीत कानावर यायचं. आज रोज रात्री तुम्ही तेच करताय. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मालिका, मोठ्या चौकटीत ती बघणाऱ्या माणसाचा चेहरा. तुम्ही ही मालिका पहिल्यापासून अशीच पाहिलीत.

तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा देते. हे व्यसन नाही, आजार नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र तुमच्या बायकोचं म्हणणं मला पटतं. त्याकडे येतेच.

तुमचं पत्र आल्यावर मी तीन रात्री असे व्हिडिओ बघितले. वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा घरात कॅमेऱ्यासमोर बसतो आणि आपण जन्मायच्या कितीतरी आधीची मालिका भागामागून भाग बघत जातो. मूळ भाग पन्नास मिनिटांचा असला तरी व्हिडिओ वीस-पंचवीस मिनिटांचा होतो. मूळ चित्र लहान करून, तोडून, कधी धूसर करून दाखवतात, कारण जास्त दाखवलं तर स्वामित्वहक्काच्या तपासणीत व्हिडिओ अडकतो. पूर्ण भाग त्यांच्याबरोबर बघायचा असेल तर पैसे भरून सभासद व्हायचं. तिथेही मूळ भाग आपला आपणच लावायचा, ते 'तीन, दोन, एक' म्हणतात आणि त्यांनी तिकडे, आपण इकडे एकाच क्षणी बटण दाबायचं. हे मला फार आवडलं. आमच्या वाड्यात एकाच्या घरी टीव्ही होता आणि बाकीचे सगळे खिडकीत, त्याची आठवण झाली.

इथून पुढे त्या दगडी प्राण्याच्या भागाबद्दल बोलणार आहे. ज्यांनी तो पाहिला नाही आणि पाहायची इच्छा आहे त्यांनी पुढचे पाच परिच्छेद सोडून द्यावेत. तुमच्या पत्रानं थोडं फोडलंच आहे, पण निदान बाकीचं तरी राहील.

भागाचं नाव 'द डेव्हिल इन द डार्क'. अमेरिकेत तो ९ मार्च १९६७ ला दाखवला गेला. दूरच्या ग्रहावरची खाण, अंधारात काहीतरी आहे आणि ते खाणकामगारांना जाळून मारतंय. पन्नास जण गेलेत. अंतराळयानाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा परग्रहावरचा सहकारी स्पॉक त्याला मारायला येतात. सुरुवातीलाच खाणीच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर एक गुळगुळीत गोळा दिसतो, सिलिकॉनचा. खाली हजारोंनी सापडतात, कसल्याच कामाचे नाहीत, असं तो सांगून टाकतो. प्रेक्षक विसरतो. स्पॉक विसरत नाही.

मी पाहिलेल्या एका व्हिडिओत मुलीच्या हातात चहाचा मोठा कप होता. तो गोळा दिसल्यावर ती म्हणाली, छान आहे, मी पण टेबलावर ठेवीन. मग अर्धा तास तिला त्याची आठवण नाही. स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी मन जोडतो आणि वेदनेनं ओरडतो, तेव्हा ती कप खाली ठेवायला निघाली होती. तो टेबलाला टेकलाच नाही. हात तसाच अधांतरी. मग गोळे म्हणजे अंडी हे कळलं, आणि तिनं पहिला शब्द काढला तो स्वतःबद्दल. 'मी ते टेबलावर ठेवणार होते.' एवढं म्हणून ती बराच वेळ गप्प बसली.

ते बघताना मला तुमचे बाबा आठवले, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी मिरजेत एका माणसाच्या तोंडून हेच निघालं होतं, तुमच्यासाठी, मराठीत.

आता एक गोष्ट सांगते, ती कदाचित तुम्हाला माहीत असेल. या भागाचं चित्रीकरण चालू असताना कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरला सेटवर निरोप आला की वडील गेले. हातातलं काम त्यानं पुरं केलं आणि मग तो विमानानं घरी गेला. तो नसताना काही दृश्यांत पाठमोरा दुसरा माणूस उभा केलाय. हा आपला सर्वांत आवडता भाग आहे असं तो पुढे म्हणाला, कारण त्या दिवसांत सहकाऱ्यांनी त्याला सांभाळून घेतलं होतं. तुमच्या बाबांनी तुम्हाला समजावून दिलेला भाग नेमका हा असावा, याला मी काही अर्थ जोडत नाही. पण वडील गेल्याचं दुःख त्या भागात कुठेतरी खरंच आहे, आणि तुम्हाला तो पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो यात मला नवल वाटत नाही.

तो हसणारा मुलगा. दादा, तुम्हाला लागलं ते मला कळतं. तो रबराच्या गोधडीखाली रांगणाऱ्या माणसाला हसला आणि तुम्हाला वाटलं तो बाबांना हसला. पण मला सांगा, तुम्ही तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलात का? मला शंका आहे की बंद केलात. यानोस प्रोहास्का नावाच्या कलाकारानं तो प्राणी स्वतः तयार केला आणि स्वतः आत शिरून चालवला. १९६७ साली दूरचित्रवाणीच्या पैशांत जे होऊ शकत होतं ते त्यानं केलं, आणि आजच्या डोळ्यांना ते हसू आणणारच. गोष्ट लिहिणाऱ्यानंही सुरुवातीला त्या प्राण्याला आपल्या मनात राक्षसच करून ठेवलंय. आधी भ्या, किळस करा, हवं तर हसा, आणि मग अंडी दिसतील. जो सुरुवातीला मोठ्यानं हसतो त्यालाच शेवटी जास्त जड जातं. त्या मुलाचा व्हिडिओ पुन्हा लावा आणि शेवटची दहा मिनिटं बघा. तो तेव्हाही हसत असेल तर त्याला खुशाल सोडून द्या, सगळ्यांना सगळं आवडत नाही. पण मी पैज लावायला तयार आहे की तो गप्प झाला असेल.

हे खरंच पहिल्यांदा बघतात का? काही बघतात, काही नाही. व्हिडिओच्या दारावर लावलेलं चित्र असतं ना, तोंडाचा आ वासलेला, डोळ्यांत पाणी, ते बहुतेक वेळा पोज देऊन काढलेलं असतं. त्यावरून आत काय आहे ते ठरवू नका. मी ज्या खुणांवर विश्वास ठेवते त्या वेगळ्या आहेत. खरं पहिल्यांदा बघणारा माणूस चुकतो. नाव चुकीचं ऐकतो, चुकीच्या माणसावर संशय घेतो, महत्त्वाची गोष्ट डोळ्यांसमोरून जाऊ देतो आणि मग कपाळावर हात मारतो. ऐन वेळेला तो गप्प असतो. ज्याला व्हिडिओ गाजवायचा आहे तो त्या क्षणी मोठ्यानं बोलतो, कारण शांतता विकली जात नाही अशी त्याची समजूत असते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे आठवण. जो मनापासून बघतोय तो सहा भागांनंतर एखाद्या प्रसंगी म्हणतो, अरे, हे तर त्या खाणीतल्या आईसारखं झालं. नाटक करणारा प्रत्येक भाग नव्या कोऱ्या मनानं बघतो.

तरीही एक लक्षात ठेवा. खरे असले तरी ते कॅमेऱ्यासमोर बसलेले असतात, आपल्याला बघणारं कुणीतरी आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि त्याला त्यांनी राजीखुशीनं होकार दिलेला असतो. हे पुढे कामाला येणार आहे.

आता रुमाल. इथे मी तुमच्या बाजूनं नाही. तुमच्यावर तुटून पडलेल्यांची भाषा वाईट असेल, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. तुम्हाला वाटलं की गोष्ट तर मी सांगितलीच नाही. पण 'रुमाल जवळ ठेव' म्हटल्यावर त्या मुलीला कळलं की पुढच्या भागात कुणीतरी मरणार किंवा कुणाची तरी ताटातूट होणार. आता ती पहिल्या दृश्यापासून त्याचीच वाट बघत बसेल. एखादं पात्र प्रेमात पडलं की तिला वाटेल, हेच. 'थांब, मजा पुढेच आहे', 'या माणसावर लक्ष ठेव', 'हा भाग विसरणार नाहीस', हे सगळे त्याच जातीचे. या मुलांच्या भाषेत स्पॉयलर म्हणजे फक्त शेवट सांगणं एवढंच नाही. एवढंच कशाला, कुठल्या क्रमानं बघायचं यावरूनसुद्धा त्यांच्यात वाद होतात. या मालिकेचा पहिला नमुना भाग, 'द केज', १९६५ मध्येच तयार झाला होता. वाहिनीनं तो नाकारला, आणि नंतर त्यातली दृश्यं १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये एका दोन भागांच्या कथेत वापरली. तो आधी बघायचा की त्या दोन भागांनंतर? आधी पाहिला तर त्या दोन भागांतलं गूढ उरत नाही. मी नंतर म्हणेन. त्या मुलीची दोन ओळींत माफी मागा. कारण देत बसू नका.

तुमचे बाबा काय करत होते ते आठवा. ते अर्थ सांगायचे, पण जे घडून गेलं त्याचा. पुढे काय होणार ते सांगत नव्हते, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. ते स्वतः पहिल्यांदाच बघत होते, हे कधी तुमच्या लक्षात आलं होतं का?

नऊशे रुपये. आज रात्रीच सांगून टाका. रक्कम मोठी नाही, घरात वर्तमानपत्र आणि केबलला जातात तेवढीच. पण तिला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं तर प्रश्न पैशांचा राहणार नाही. ती दोन वर्षं म्हणतेय की तुम्ही परक्यांबरोबर राहता, आणि परक्यांना तुम्ही लपवून पैसे देताय हे कळलं तर तिच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तबच होईल. दोनपैकी एक सभासदत्व बंद करा. जिचे व्हिडिओ तुम्ही मनापासून बघता ते ठेवा. आणि उरलेल्या पैशांत मूळ मालिका रीतसर विकत घ्या. लहान चौकटीत, तुकड्या-तुकड्यांत बघून तुम्ही आता मूळ भाग शेवटचा सलग कधी पाहिलात ते आठवतं का?

आता तुमच्या बायकोबद्दल. मी हा भाग मुद्दाम शेवटी ठेवला, कारण बाकीचं सगळं त्या मानानं सोपं होतं.

ती काय म्हणते ते नीट वाचा, तुम्हीच लिहून पाठवलंय. व्हिडिओ वाईट आहेत असं ती म्हणत नाही. 'घरात माणसं असताना' असं म्हणते. तिच्या बाजूनं चित्र बघा. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, ती बाहेर येऊन बसली. नवरा समोरच आहे, पण कानांवर हेडफोन. मधेच तो हसतो. मधेच डोळे पुसतो. कशाला, ते तिला ऐकू येत नाही. दोन वर्षं रोज दीड-दोन तास ती तुमची प्रतिक्रिया बघतेय, दादा, आणि कशावरची ते तिला कळत नाही. लहानपणी तुम्हाला अर्थ सांगणारं कुणी शेजारी होतं. तिला नाही.

म्हणून आधी हेडफोन काढा. आवाज घरात येऊ द्या. तिला आवडो न आवडो, निदान नवरा कशाला हसला ते तिला कळेल.

दिवाळीतला प्रयोग का फसला, याबद्दल माझा एक अंदाज आहे. तुम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला होतात. दोन वर्षांच्या सवयीनं तुम्हाला ती तशी दिसली, मोठ्या चौकटीत. आता हसेल, आता दचकेल. कदाचित मधे थांबवून 'बघ हं आता' असंही म्हणाला असाल. मी हे स्वतः केलंय म्हणून सांगते. माझ्या भाचीला मला फार आवडणारा एक भाग दाखवला आणि सबंध वेळ तिच्याकडे बघत राहिले. पंधराव्या मिनिटाला ती म्हणाली, 'आत्या, तू माझ्याकडे बघू नकोस ना, मला रडू येत नाहीये आणि मला वाटतंय यायला पाहिजे.' त्या दिवसापासून मी शहाणी झाले. ती यूट्यूबवरची मुलं राजीखुशीनं कॅमेऱ्यासमोर बसतात. तुमची बायको स्वतःच्या घरात सोफ्यावर बसली होती. तिच्याकडून तुम्हाला काहीतरी हवंय आणि ते आपल्याला देता येत नाहीये, हे बाईमाणसाला लगेच कळतं. ती उठून गेली, बरं केलं.

पुन्हा बोलवायचं असेल तर घाई करू नका. आधी पैशांचं सांगून होऊ दे, आठ-पंधरा दिवस हेडफोनशिवाय जाऊ देत. मग एखाद्या रविवारी विचारा. आणि 'स्टार ट्रेक' लावू नका. ते तुमचं आणि बाबांचं आहे, त्याचं ओझं तिच्यावर पहिल्याच दिवशी नको. 'द ट्वायलाइट झोन' लावा. रॉड सर्लिंगची, १९५९ ते १९६४ मधली, कृष्णधवल. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आणि बहुतेक भाग पंचवीस मिनिटांचे, तेव्हा वीस मिनिटांत उठायची वेळ येईपर्यंत गोष्ट संपतच आलेली असते. आधीचं काही माहीत असावं लागत नाही, टोकदार कानांचा माणूस कोण आणि हे यान कुठे चाललंय हे समजावत बसायला नको.

त्यातला 'आय ऑफ द बिहोल्डर' निवडा. ११ नोव्हेंबर १९६० चा. इस्पितळात एक बाई, चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळलेल्या. आपला चेहरा बरा होईल का याची ती वाट बघतेय. डॉक्टर, नर्स, सगळे तिच्याभोवती वावरतात, पण सावल्या अशा धरल्यात की बराच वेळ आपल्याला कुणाचाच चेहरा दिसत नाही. नुसते हात, पाठी, आवाज. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची पहिली वेळ अजून शिल्लक आहे. तुमचीही असेल तर फारच उत्तम. मग तुम्ही दोघं एकाच बाजूला असाल. कुणाला काही माहीत नाही, कुणी कुणाची परीक्षा बघत नाही.

बसताना तिच्या शेजारी बसा, समोर किंवा तिरपे नको. शेजारी बसलं की तोंड आपोआप पडद्याकडे राहतं. फोन दुसऱ्या खोलीत. खाली इंग्रजी मजकूर लावा, आणि तिनं विचारलं तरच अर्थ सांगा. एका वाक्यात. बाबा सांगायचे तसा. संपल्यावर 'कसं वाटलं?' विचारू नका, उठून चहा टाका. तिला बोलायचं असलं तर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन बोलेल. मी कित्येक घरांत बघितलंय, नाटक-सिनेमाबद्दलची खरी बोलणी तिथेच होतात, आधण ठेवलेलं असताना.

आणि ती खूश दिसली म्हणून लागलीच दुसरा भाग लावू नका. आजकालच्या मुलांचं मला हेच एक खटकतं, भाग संपला की पुढचा. 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या पिढीच्या मालिकेत 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' नावाची दोन भागांची कथा आहे. पहिला भाग १८ जून १९९० ला लागला आणि अशा जागी थांबला की लोकांचा श्वास अडकला. दुसरा लागला २४ सप्टेंबरला. चौदा आठवडे लोक त्याबद्दल बोलत होते, भांडत होते, अंदाज करत होते. आज ती कथा बघणाऱ्या बऱ्याच जणांना पुढचा भाग लावायला दोन सेकंदही लागत नाहीत. जे नीट करतात ते निदान एक रात्र मधे जाऊ देतात. तुम्ही एक आठवडा जाऊ द्या. रविवार ते रविवार, तेव्हासारखा.

महिन्या-दोन महिन्यांनी तिची इच्छा दिसली तर 'स्टार ट्रेक' दाखवा. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर', ६ एप्रिल १९६७ चा, पहिल्या पर्वातला शेवटून दुसरा. कर्क आणि स्पॉक मागच्या काळात, १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतात. मंदीचे दिवस, गरिबांना सूप वाटणारं एक केंद्र, आणि ते चालवणारी बाई. तुमच्या पत्रातला 'पुढचा भाग' बहुधा हाच असणार, असं मला वाटतं. रुमालाचा उल्लेख या वेळी करू नका.

आवडलं नाही तिला, तर नाही. मग तिला विचारा की तेव्हा, रविवारी सकाळी तिच्या घरी काय चालायचं. टीव्ही होता का, कोण शेजारी बसायचं, कुठली मालिका चुकली की ती रडायची. तुम्ही इतकी वर्षं एका घरात आहात, पण तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एवढंच आहे की ती वीस मिनिटांत उठली. तिनं सांगितलेलं शोधून काढा आणि त्याच सोफ्यावर बसून ते बघा. तेव्हा मात्र तुमच्या चेहऱ्याकडे ती बघेल, बघू द्या.

व्हिडिओ सोडायला मी सांगत नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री बघा, आवाज मोकळा ठेवून. आणि एक काम माझ्यासाठी करा. त्या मुलीनं दगडी प्राण्याचा भाग पाहून झाला असेल तर त्या व्हिडिओखाली लिहा. तिथे आता फुटण्यासारखं काही उरलेलं नाही. लिहा की भारतात, मिरजेत, ऐंशीच्या दशकात एक मुलगा हा भाग बघत होता आणि त्याला भाषा कळत नव्हती, आणि त्याच्या वडिलांनी एक वाक्य सांगितलं. ते वाक्य मराठीतच, देवनागरीत टाका, खाली इंग्रजीत अर्थ द्या. ही मुलं ज्या काळात जन्मलेलीच नव्हती त्या काळात हे कुणी, कुठे, कसं पाहिलं, हे त्यांना मनापासून ऐकायचं असतं. मी वाचलेल्या कमेंटमध्ये त्यांनी स्वतः थांबून उत्तर दिलं होतं ते अशाच आठवणींना.

पण पाठवायच्या आधी ते बायकोला वाचून दाखवा. बाबांचं ते वाक्य तिला तुम्ही आजवर सांगितलंय का, ते पत्रात कुठे दिसलं नाही.